जपानी मोत्यानं परदेशात पत कशी मिळवली

सराफाच्या पेढीवर मोत्यांचा सर हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खरे आहेत की कल्चर?" या प्रश्नातच मोठा गैरसमज आहे. कल्चर मोतीही खराच असतो. तो जिवंत शिंपल्यात वाढतो, समुद्राच्या किंवा गोड्या पाण्यात वाढतो आणि त्याच्या अंगावरचा थर बसरा, म्हणजे नैसर्गिक मोत्याच्याच द्रव्याचा असतो. सुरुवात तेवढी माणसानं करून दिलेली असते. पुढचं सगळं काम शिंपल्याचं.

ही साधी गोष्ट जगाच्या गळी उतरवायला जपानी मोतीवाल्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, शास्त्रज्ञांची मदत घ्यावी लागली, भर रस्त्यात आपल्याच मालाला आग लावावी लागली. आपला वारसा परदेशात नेऊन पोचवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी अकोया मोत्याची, म्हणजे जपानच्या समुद्रातल्या अकोया शिंपल्यात होणाऱ्या मोत्याची, हकिकत जरूर वाचावी. पण ती कळायची तर आधी मोती कसा होतो ते नीट समजायला हवं.

शिंपल्याच्या पोटात काय घडतं

वाळूचा कण आत गेला की त्याच्याभोवती मोती तयार होतो, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा तसं घडत नाही. शिंपल्याच्या कवचाला आतून लागून एक पातळ, मऊ पडदा असतो आणि कवचाचा आतला चकचकीत थर हाच पडदा बनवतो. एखादा कृमी कवच पोखरून आत शिरला किंवा काही इजा झाली, तर या पडद्याच्या थोड्या पेशी आतल्या मांसात ढकलल्या जातात. तिथं त्या तग धरतात, वाढतात, त्यांची एक लहानशी पिशवी तयार होते. कवच बनवायचं आपलं काम त्या पिशवीच्या आतल्या अंगाला चालूच ठेवतात. थरावर थर चढत जातात आणि मोती होतो. मोत्याचं मूळ असं त्या पेशींत असतं.

जपानी पद्धतीची सगळी किल्ली या एका गोष्टीत आहे. अकोया हा तळहातात मावेल एवढा, समुद्रातला शिंपला. कलम करण्याआधी, म्हणजे मोत्याची सुरुवात त्याच्या पोटात बसवण्याआधी, त्याला काही आठवडे दाटीवाटीनं भरलेल्या टोपल्यांत ठेवतात, म्हणजे त्याचा जोम थोडा कमी होतो आणि आत ठेवलेली वस्तू तो चटकन बाहेर टाकत नाही. मग कारागीर त्याची दोन कवचं लहानशा पाचरीनं जेमतेम बोटभर उघडी ठेवतो. तेवढ्या फटीतून बारीक सुरीनं एक छेद घेऊन आतपर्यंत वाट केली जाते. त्या वाटेनं एक गोल मणी आत सरकवतात आणि दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा दोन-तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा त्याला टेकवून ठेवतात. तुकडा मण्याला नीट टेकला नाही, किंवा उलट्या अंगानं बसला, तर मेहनत वाया. छेद जास्त खोल गेला तर शिंपला मरतो. हे काम करणारी माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी बसून हात तयार करतात. परदेशातल्या चकचकीत शोरूममध्ये या हातांचा उल्लेख क्वचितच होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आत ठेवायचा मणीही शिंपल्याचाच. तो अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या जाड कवचाच्या शिंपल्यांपासून घडवतात. हे कवच पुरेसं जाड असतं, पांढरंशुभ्र असतं आणि मोत्याला भोक पाडताना सहसा तडकत नाही. जपानी मोत्याच्या पोटात अमेरिकन नदी आहे, ती अशी.

पुढं हे शिंपले जाळ्यांत बसवून तराफ्यांखाली पाण्यात टांगतात. त्यांच्यावर चढणारे कालव आणि शेवाळ वरचेवर खरवडून काढावं लागतं, नाहीतर शिंपल्याला खायला-श्वास घ्यायला जागा उरत नाही. वादळ येणार असेल किंवा पाणी बिघडलं तर तराफे ओढून दुसऱ्या जागी न्यावे लागतात. काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत हे चालतं. काढणी होते ती ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला. उन्हाळ्यात थर भराभर चढतात, पण जरा भरड असतात. पाणी गार झालं की शिंपला मंदावतो आणि शेवटचे थर अगदी पातळ, घट्ट बसतात. अकोयाला जे पाणी असतं, म्हणजे ती आतून उजळल्यासारखी चमक, ती या शेवटच्या थरांची देणगी. प्रत्येक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. प्रकाश वेगवेगळ्या थरांवरून परतताना एकमेकांत मिसळतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तशा गुलाबी, हिरवट छटा उमटतात.

निघालेल्या मोत्यांपैकी उत्तम दर्जाचे फारच थोडे असतात. मुळात कलम केलेले कितीतरी शिंपले काढणीपर्यंत जगतच नाहीत.

मिकिमोतो, आणि मागे पडलेली दोन नावं

मिकिमोतो कोकिची यांचा जन्म 1858 सालचा. जपानच्या आजच्या मिए प्रांतातलं तोबा हे त्यांचं बंदर. वडिलांचं उदोन नूडल्सचं दुकान होतं. त्या किनाऱ्यावर पाण्यात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका असत, त्यांना 'आमा' म्हणतात. मोत्यांच्या हव्यासापायी शिंपले झपाट्यानं कमी होत चालले होते. मिकिमोतोंनी ते जोपासायला घेतले. तोक्योच्या विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ मित्सुकुरी काकिची यांनी त्यांना सल्ला दिला. 1892 साली समुद्रात सूक्ष्म जीवांची अतोनात वाढ होऊन पाणी लाल झालं आणि मिएतल्याच आगो उपसागरातले त्यांचे शिंपले मेले. तोबाजवळच्या बेटावर ठेवलेले तेवढे वाचले. त्यातच 11 जुलै 1893 रोजी त्यांना आणि त्यांची पत्नी उमे यांना पहिले कल्चर मोती सापडले. ते अर्धगोल होते, कवचाला चिकटलेले. 1896 मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी उमे वारल्या. त्या अवघ्या बत्तीस वर्षांच्या होत्या.

पूर्ण गोल मोत्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. पडद्याचा तुकडा मण्यासोबत आत ठेवायची जी पद्धत मी वर सांगितली, ती निशिकावा तोकिची आणि मिसे तात्सुहेई या दोघांनी वेगवेगळं काम करून शोधली. दोघांचे पेटंट अर्ज 1907 च्या सुमाराचे. निशिकावा हे मिकिमोतोंचे जावई आणि शास्त्रज्ञ. 1909 मध्येच त्यांचं निधन झालं. आजही जगभर वापरली जाणारी पद्धत मूळची या दोघांची आहे. मिकिमोतोंनी ती मोठ्या प्रमाणावर राबवली, माल एका दर्जाचा केला आणि जगापुढे नेला. वारसा सांगताना एकट्या माणसाचं नाव घेणं सोपं जातं, जाहिरातीलाही बरं पडतं. पण मिसे आणि निशिकावा यांना वगळून सांगितलेला वारसा अपुराच म्हणायला हवा.

पॅरिसचा खटला

मिकिमोतोंचं तोक्योच्या गिंझा भागातलं दुकान 1899 चं. 1913 मध्ये त्यांनी लंडनमध्ये दुकान काढलं. पहिल्या महायुद्धानंतर गोल कल्चर मोती युरोपात पोचले, ते नैसर्गिक मोत्यांपेक्षा बरेच स्वस्त होते आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येईना. व्यापारी हादरले. 1921 मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांतून हे मोती खोटे असल्याची ओरड सुरू झाली, पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी बहिष्काराची भाषा केली, प्रकरण कोर्टात गेलं.

मिकिमोतोंची बाजू उचलून धरली ती शास्त्रज्ञांनी. बोर्दोचे प्राध्यापक लुई बुताँ हे समुद्राखाली छायाचित्रं घेणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक. त्यांनी आणि ब्रिटिश अभ्यासक लिस्टर जेम्सन यांनी सांगितलं की वरच्या थरात, तो तयार होण्याच्या क्रियेत काहीही फरक नाही. 1924 मध्ये निकाल जपानी मोत्याच्या बाजूनं लागला. तरी व्यापाराचा एक दंडक पुढं पक्का होत गेला आणि तो आजही आहे: कल्चर मोती विकताना 'कल्चर' हा शब्द लावायचाच, नुसतं 'मोती' म्हणायचं नाही. वरवर बघता ही अट विक्रेत्याला जड जाणारी. माझ्या मते जपानी मोत्याचं खरं भलं तिनंच केलं. मी काय आहे ते आधीच सांगून जो माल विकला जातो, त्याच्यावर उद्या फसवणुकीचा आरोप येत नाही. क्ष-किरणांनी आतला मणी दिसायला लागला तेव्हा कल्चर मोत्याचं काही बिघडलं नाही. त्यानं काही लपवलेलंच नव्हतं.

मिकिमोतोंची प्रचाराची हातोटी विलक्षण होती. 1926 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्यांनी मोत्यांचा पाच मजली पॅगोडा मांडला. 1927 मध्ये ते एडिसनना भेटले आणि आपल्या प्रयोगशाळेत न बनलेल्या वस्तूंमध्ये मोती एक असल्याची एडिसननी दिलेली दाद जगभर छापून आली. 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 12,250 मोती आणि 366 हिरे जडवलेली लिबर्टी बेल, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याचं प्रतीक असलेल्या घंटेची प्रतिकृती, ठेवली. अमेरिकेत जाऊन फुजी पर्वत दाखवण्याऐवजी त्यांनी अमेरिकन माणसाच्या मनातलीच घंटा मोत्यांनी मढवली, ही बारीक नजर मला त्या सगळ्या झगमगाटापेक्षा मोठी वाटते. आणि 1932 मध्ये, जपानमधूनच हलका माल परदेशी बाजारात ओतला जाऊ लागला तेव्हा, कोबेत लोकांसमोर त्यांनी निकृष्ट मोत्यांचे ढीग जाळले. नाटकी होतं, पण खरेदीदारांना जे समजायचं ते समजलं.

झळ कुणाला लागली

या यशाची दुसरी बाजू आपल्याला जवळची आहे. नथीत, तन्मणीत, कुड्यांत जो बसरा मोती पूर्वापार मिरवला, तो इराणच्या आखातातला. आखातातले मोती मुंबईला यायचे. इथं त्यांची निवड व्हायची, ते विंधले जायचे, सर बांधले जायचे आणि मग माल लंडन-पॅरिसला रवाना व्हायचा. 1929 च्या मंदीनं श्रीमंतांचे खिसे रिकामे केले आणि त्याच वेळी कल्चर मोत्यानं नैसर्गिक मोत्याची दुर्मिळता हिरावून घेतली. दोन्ही तडाखे एकदम बसले. कुवेत आणि बहारीनच्या बुड्या मारणाऱ्यांची उपासमार झाली, मुंबईचा मोतीबाजार ओसरला.

भाव किती कोसळले याची एक नोंद आहे. 1917 मध्ये कार्तिये या जवाहिऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा वाडा घेतला तो नैसर्गिक मोत्यांचा दुपदरी हार आणि वर 100 डॉलर देऊन. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. 1957 मध्ये तोच हार लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेला.

भारतीय व्यापारी मात्र मोती सोडून गेले नाहीत, त्यांनी मोत्याच्या मागोमाग जपान गाठलं. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर बरेच भारतीय व्यापारी कोबेला सरकले. पुढं कोबे जपानी मोत्याची पेठच झाली. तिथल्या कितानो भागात 1985 मध्ये उभं राहिलेलं जैन मंदिर मोत्यांच्या व्यापारात असलेल्या गुजराती कुटुंबांच्या वस्तीची खूण आहे.

कोबेत मोती पिकत नाहीत, तिथं ते निवडले जातात. उत्तरेकडून खिडकीतून येणारा मंद, सारखा उजेड लागतो, असं तिथले लोक सांगतात. पांढऱ्या कापडावर हजारो मोती पसरून त्यांतून रंग, आकार, पाणी, डाग असं सगळं जुळणारे निवडायचे, मग एकाशेजारी एक ठेवून सर जुळवायचा. एका उत्तम सरासाठी हातांखालून किती मोती जातात, त्याची गणतीच नाही. कल्चर मोत्यांच्या घाऊक व्यापारात वजनही जपानी मापात सांगतात. ते माप मोम्मे, म्हणजे 3.75 ग्रॅम.

युद्धानंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांनी घरी बायका-आयांसाठी मोत्याचे सर नेले. कुठल्याही जाहिरातीनं झाला नसता असा प्रसार त्यातून झाला. 1952 मध्ये सरकारनं मोती व्यवसायाचा कायदा केला आणि निर्यातीचा प्रत्येक माल सरकारी तपासणीतून जाऊ लागला. थर पातळ असला की माल परत. ही व्यवस्था 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली. तोबाचं बेट 1951 पासून पाहुण्यांना खुलं झालं, तिथं पांढऱ्या कपड्यांतल्या आमा अजूनही बुड्या मारून दाखवतात. 1975 मध्ये राणी एलिझाबेथ तिथं गेल्या होत्या. जपान सरकारनं भेट दिलेल्या मोत्यांचा त्यांनी चार पदरी गळाबंद हार करून घेतला. तो पुढं डायनानं घातला आणि 2021 मध्ये प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीला केटच्या गळ्यात दिसला. असा एक हार पन्नास जाहिरातींना पुरून उरतो.

पण मधल्या काळात घोळही झाले. 1960 च्या दशकात उत्पादन वर्षाला शंभर टनांच्या वर गेलं. घाईनं काढलेले, पातळ थराचे मोती बाजारात आले, फॅशनही फिरली आणि भाव पडले. 1990 च्या दशकात चीनमधले गोड्या पाण्यातले मोती ढिगानं आणि स्वस्तात येऊ लागले. 1996 च्या आसपास एका रोगानं अकोया शिंपले मोठ्या संख्येनं मेले. तेव्हापासून चीनमधल्या जास्त काटक अकोयाशी संकर करून शिंपले वाढवायची वाट धरावी लागली.

नव्या पिढीकडे जायच्या वाटाही निघाल्या. कोबेत 1954 मध्ये सुरू झालेल्या तासाकी कंपनीनं न्यूयॉर्कचे डिझायनर ठाकून पानिचगुल यांच्याकडून सोन्याच्या सरळ पट्टीवर ओळीनं मोती बसवलेले दागिने करून घेतले. 2020 मध्ये मिकिमोतोनं कॉम दे गार्सों या जपानी फॅशन घराण्यासोबत पुरुषांनीही घालायचे मोत्याचे हार आणले. काहींना हा वारशाचा अपमान वाटला. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे पेशव्यांच्या कानातही मोत्याची भिकबाळी होतीच.

घेताना काय बघायचं

अकोया घ्यायचा तर आधी पाणी बघा. मोती दिव्याखाली धरला की दिव्याचं प्रतिबिंब धारदार दिसलं पाहिजे, धुरकट नको. भोकाच्या तोंडाशी थर आणि मणी यांच्यामधली रेघ भिंगातून दिसते, तिथं थराची जाडी कळते. पातळ थर काही वर्षांत झिजतो. 'ए', 'डबल ए', 'ट्रिपल ए' हे दर्जे प्रत्येक व्यापाऱ्याचे आपापले असतात, त्यांना सगळीकडे मान्य असं प्रमाण नाही. 'हानादामा' हे नाव सर्वोत्तम मोत्यांना देतात, पण तेही सरकारी नाही. जपानमधल्या खासगी प्रयोगशाळा थर आणि चमक मोजून तसं प्रमाणपत्र देतात, तेव्हा प्रमाणपत्र कुणाचं हे विचारावं. आणखी एक: बहुतेक पांढरे अकोया विंधल्यावर रसायनानं उजळलेले असतात, पुष्कळांना गुलाबी झाक दिलेली असते. ही या धंद्याची नेहमीची रीत आहे, पण ती ग्राहकाला सांगितलीच पाहिजे. पॅरिसमध्ये 'कल्चर' हा शब्द लावून जो विश्वास कमावला, तो इथं गप्प राहून घालवू नये.

समुद्र आजारी आहे

2016 मध्ये जपाननं मोत्यांच्या संवर्धनाचा वेगळा कायदा केला. त्याच वर्षी जी-7 देशांची परिषद आगो उपसागरातल्या काशिकोजिमा बेटावर भरली, म्हणजे जगाचे नेते थेट मोत्यांच्या पाण्यावर येऊन बसले. परदेशी मागणीही चांगलीच वाढली. 2023 मध्ये जपानची मोत्यांची निर्यात 45 अब्ज येनच्या आसपास गेली, आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट, आणि सर्वांत मोठा वाटा हाँगकाँगकडे गेला.

माल मात्र नाही. 2019 च्या उन्हाळ्यापासून एहिमे प्रांतात अकोयाची पिल्लं भराभर मरायला लागली. पुढं संशोधकांना त्यामागे एक विषाणू सापडला. एहिमे, नागासाकी आणि मिए या तीन प्रांतांतच जवळजवळ सगळा जपानी अकोया होतो, त्यामुळे फटका थेट बसला. वर्षाचं उत्पादन 20 टनांच्याही खाली आलं. भाव वाढले, पण शिंपलेच नाहीत तर शेतकरी विकणार काय? वय झालेली माणसं तराफे आवरून घेत आहेत, घरातली मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत, कलम करणारे हात कमी होत आहेत.

म्हणून मला वाटतं की आता परदेशी प्रदर्शनांत हार मांडायला जो पैसा जातो, त्यातला मोठा भाग आगो आणि एहिमेतल्या उवाजिमाच्या पाण्याकडे वळायला हवा. रोगाशी झुंज देऊन जगलेल्या शिंपल्यांपासून पुढची पिढी घेण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांचा निकाल हाती यायला वेळ लागेल, कारण पिल्लू कलमाच्या वयाचं व्हायलाच दोनेक वर्षं जातात आणि त्यानंतर मोत्याची वर्षं वेगळी.